वेल्सच्या रग्बीतले 'राजवंशी रक्त': एका फिरत्या संदेशाला उत्तर

माझ्या थोरल्या बहिणीचा, म्हणजे अक्काचा, नातू ब्रिटनमधल्या वेल्सच्या राजधानीत, कार्डिफला असतो. वय वर्षे अकरा. गेल्या सप्टेंबरपासून तो तिथल्या एका क्लबाच्या मुलांच्या संघात रग्बी खेळू लागला आहे, आणि दर रविवारी दुपारी आमच्या कुटुंबाच्या गटावर त्याचा एक फोटो येतो: गुडघ्यापर्यंत चिखल, भुवयांवर चिखल, आणि त्या सगळ्यातून दिसणारा निळा माउथगार्ड. मागच्या पंधरवड्यात मात्र फोटोच्या आधी अक्काचा फोन आला. "त्याला ते आता बंद करायला सांग," ती म्हणाली, "ती माणसं राजवंशी लढवय्यांची, त्यांच्या रक्तातच आहे ते. आपल्या पोराला झेपायचं नाही." हे ज्ञान कुठून मिळाले असे विचारल्यावर तिने मला एक संदेश पाठवला. तोच संदेश तोपर्यंत आणखी तिघांकडून माझ्याकडे येऊन पडलेला होता.

त्या लांबलचक संदेशाचा गोषवारा असा. आर्थर हा वेल्सचा पहिला राजा, आणि त्याचा लाल ड्रॅगन वेल्सचे रग्बीपटू आजही छातीवर मिरवतात. वेल्स कधीच जिंकला गेला नाही, म्हणून इंग्रजांच्या राजाला लबाडीने तान्ह्या मुलाला तिथला राजपुत्र करावे लागले आणि पाचशे भाट कापून काढावे लागले. वेल्सच्या एका राजपुत्राने कोलंबसाच्या तीनशे वर्षे आधी अमेरिका शोधली. वेल्श तिरंदाजांनी अ‍ॅजिनकोर्टच्या रणांगणावर फ्रेंचांना दोन बोटे दाखवली, तीच आजची 'व्ही'ची खूण. कार्डिफच्या मैदानाला आर्म्स पार्क म्हणतात, कारण तिथे राजांचे शस्त्रागार होते. आणि या सगळ्यावरून काढलेला निष्कर्ष असा की रग्बी हा खेळ वेल्श रक्तात आहे, दुसऱ्या रक्ताच्या माणसाने त्यांच्या वाटेला जाऊ नये. शेवटी हात जोडल्याचे चिन्ह आणि 'हा खरा इतिहास शाळेत शिकवत नाहीत' हे ठरलेले वाक्य.

शेवटचा निष्कर्ष नसता तर मी लिहायला बसलो नसतो. दूरच्या एका देशाच्या दंतकथा आमच्या गटावर फिरल्याने कोणाचे काही बिघडत नाही. परंतु त्या दंतकथांच्या आधारे एका अकरा वर्षांच्या मुलाला 'तू या रक्ताचा नाहीस' असे त्याच्याच आजीकडून ऐकावे लागणार असेल, तर प्रत्येक मुद्दा उलगडून पाहणे भाग आहे.

आर्थरपासून सुरुवात करतो. बखर आणि अस्सल कागद यांतला फरक मराठी वाचकाला वेगळा समजावून सांगावा लागत नाही. आर्थरच्या बाबतीत त्याच्या काळातला अस्सल कागद एकही नाही. ज्या काळात तो होऊन गेला असे मानतात त्याच्या सर्वांत जवळचा लेखक म्हणजे सहाव्या शतकातला गिल्डास हा धर्मोपदेशक. तो ब्रिटन (वेल्श लोकांचे पूर्वज) आणि सॅक्सन (इंग्रजांचे पूर्वज) यांच्यातल्या बेडनच्या लढाईविषयी लिहितो, पण आर्थरचे नावही काढत नाही. आर्थरची सविस्तर हकीकत पहिल्यांदा मिळते ती इ. स. ८२९-३० च्या सुमारास वेल्समध्ये लॅटिन भाषेत संकलित झालेल्या 'ब्रिटनांच्या इतिहासा'त, म्हणजे त्या मानलेल्या काळानंतर सुमारे तीनशे वर्षांनी. गंमत अशी की या सर्वांत जुन्या हकीकतीतही आर्थर हा राजा नाही. तो ब्रिटनांच्या राजांच्या बरोबरीने लढला, पण 'लढायांचा नायक' तो होता, असे तिथे म्हटले आहे. आपल्याकडच्या शब्दांत सांगायचे तर तो सरनौबत होता, छत्रपती नव्हे. त्याच्या बारा लढायांची यादी दिल्यावर लेखक सांगतो की बाराव्या, म्हणजे बेडनच्या लढाईत आर्थरने एकाच दिवशी, एकाच हल्ल्यात, कोणाच्याही मदतीविना ९६० माणसे मारली. बखरकाराची लेखणी कुठे सुटली ते आकड्यावरूनच कळते.

आर्थरच्या डोक्यावर राजमुकुट घट्ट बसवला तो मॉनमथच्या जेफ्रीने, ११३६ ते ११३८ च्या सुमारास लिहिलेल्या आपल्या ग्रंथात. जेफ्रीचा आर्थर निम्मा युरोप जिंकतो आणि थेट रोमवर चाल करून निघतो.  आर्थरच्या सरदारांची प्रसिद्ध गोलमेज आणली ती ११५५ मध्ये वेस नावाच्या नॉर्मन कवीने, आणि लॅन्सलॉट हा त्याचा नामांकित सरदार तर पुढच्या फ्रेंच कवींचा मानसपुत्र. म्हणजे संदेशात ज्या आर्थरला 'शुद्ध वेल्श राजा' म्हटले आहे, त्याची कवचकुंडले नॉर्मन आणि फ्रेंच कारागिरांनी घडवलेली आहेत. वेल्श भाषेतल्या जुन्या कथांमध्ये भेटणारा आर्थर निराळाच आहे. तो ट्विर्च ट्रुइथ नावाच्या राक्षसी रानडुकराच्या मागे, त्याच्या कानांमधली कंगवा-कात्री मिळवण्यासाठी, आपले सगळे वीर घेऊन रानोमाळ धावतो. हा आर्थर मला व्यक्तिशः फार आवडतो. पण तो इतिहास नव्हे.

'वेल्सचा राजा' या शब्दांतही एक अडचण आहे. 'वेल्स' हे नाव त्या लोकांनी स्वतःला दिलेले नाही. ते इंग्रजांच्या पूर्वजांच्या भाषेतल्या 'परका' अशा अर्थाच्या शब्दावरून आले. ते लोक स्वतःच्या देशाला 'कम्री' म्हणतात, आणि त्याच्या मुळाशी 'एका मुलखातली माणसे' असा अर्थ आहे. त्या मुलखात ग्विनेद, पोविस, देहायबार्थ, मोर्गानुग अशी वेगवेगळी राज्ये होती, आणि जमिनीचा वारसा सर्व मुलग्यांत वाटण्याची रीत असल्यामुळे एका पिढीने जोडलेले पुढची पिढी विभागून टाकी. भाऊबंदकी म्हणजे काय, हेही मराठी माणसाला निराळे सांगायला नको. संपूर्ण वेल्सवर खऱ्या अर्थाने एकछत्री अंमल बसवणारा एकच राजा झाला, ग्रिफिद आप लुवेलिन, आणि तोही जेमतेम आठ वर्षे, १०५५ ते १०६३. त्याला त्याच्याच माणसांनी मारले आणि त्याचे शिर हॅरॉल्ड या इंग्रज सरदाराकडे पोहोचले. पिढ्यानपिढ्या चालत आलेल्या अखंड राजवंशाची जी कल्पना संदेशात गृहीत धरली आहे, तिचा इतिहासातला हिशेब एवढाच आहे.

ड्रॅगनच्या बाबतीत अर्धे सत्य मान्य करावे लागेल. त्याच 'ब्रिटनांच्या इतिहासा'त व्होर्टिगर्न राजाच्या किल्ल्याची कथा आहे. दिवसा बांधलेला किल्ला रात्री नाहीसा होतो, तेव्हा एक मुलगा सांगतो की खाली तळे आहे आणि तळ्यात दोन सर्प, एक लाल आणि एक पांढरा, झुंजत आहेत. लाल तो ब्रिटनांचा, पांढरा तो सॅक्सनांचा. म्हणजे वेल्सशी लाल ड्रॅगनचे नाते अकराशे वर्षांहून जुने आहे, हे कबूल. परंतु त्या कथेत आर्थरचा संबंधच नाही. आणि पांढऱ्या-हिरव्या पट्टीवरच्या लाल ड्रॅगनला राजकीय निशाणाचे मोल आले ते हेन्री ट्यूडरमुळे. १४८५ मध्ये बॉझवर्थची लढाई जिंकून तो इंग्लंडच्या गादीवर बसला. आजच्या स्वरूपात हा ध्वज अधिकृत झाला १९५९ मध्ये. अक्काचा जन्म त्याच्या आधीचा आहे.

आणि छातीवरचे काय? संदेश लिहिणाऱ्याने वेल्सच्या रग्बी संघाची जर्सी एकदा तरी नीट पाहिली असती तर बरे झाले असते. लाल जर्सीवर छातीशी जे चिन्ह असते ते ड्रॅगनचे नाही, तीन पिसांचे आहे. ती पिसे 'प्रिन्स ऑफ वेल्स'ची, म्हणजे इंग्लंडच्या राजाच्या थोरल्या मुलाची. चौदाव्या शतकातल्या 'ब्लॅक प्रिन्स' एडवर्डपासून ती या पदाशी जोडली गेली, आणि त्या पिसांबरोबरचे राजपुत्राचे ब्रीदवाक्य 'इश डीन', म्हणजे 'मी सेवा करतो', हे चक्क जर्मन आहे. वेल्समध्येच अनेकांना हे चिन्ह खटकते, कारण ज्यांनी वेल्स जिंकला त्यांची खूण राष्ट्रीय संघाने का मिरवावी, असा त्यांचा प्रश्न असतो. प्राचीन वेल्श राजांचा वारसा जिथे शोधायचा म्हणतात तिथेच विजेत्याचे पीस खोवलेले आहे, आणि लाखो लोक ते अभिमानाने छातीवर घेऊन गातात. हा गुंता दंतकथेपेक्षा कितीतरी रंजक आहे, पण तो पाहायचा तर आधी जर्सीकडे पाहावे लागते.

'वेल्स कधीच जिंकला गेला नाही' हे विधान मात्र केवळ चुकीचे नाही, निर्दय आहे, कारण ते जे मेले त्यांनाच पुसून टाकते. लुवेलिन आप ग्रिफिद याला १२६७ च्या माँटगोमरीच्या तहात इंग्लंडच्या राजाने 'प्रिन्स ऑफ वेल्स' म्हणून मान्यता दिली होती. पंधरा वर्षांनी, ११ डिसेंबर १२८२ रोजी, मध्य वेल्समधल्या किलमेरीजवळ आपल्या मुख्य सैन्यापासून दूर असताना तो मारला गेला. ज्याने मारले त्याला आपण कोणाला मारले हे त्या वेळी ठाऊकही नव्हते, अशी हकीकत आहे. त्याचे शिर लंडनला नेऊन टॉवरवर लावले. पुढच्या वर्षी त्याचा भाऊ दाफिद याला श्रूजबरीत फाशी देऊन, आतडी काढून, चार तुकडे करून मारले. १२८४ च्या रुडलनच्या कायद्याने मुलखाची व्यवस्था इंग्लंडच्या राजाकडे गेली, आणि कॉनवी, कॅनार्वन, हार्लेक येथे जे किल्ले उभे राहिले ते जिंकलेल्या मुलखावर जरब बसवण्यासाठीच. दोन वर्षांपूर्वी भाचीकडे गेलो असताना किलमेरीचा दगड पाहिला. रस्त्याला लागून एक हिरवा उंचवटा आणि त्यावर उभी केलेली ग्रॅनाइटची ओबडधोबड शिळा, बस्स. पायथ्याशी कोणीतरी ठेवलेली सुकलेली फुले होती. पलीकडे खाली एक झरा आहे. लुवेलिनचे शिर तिथे धुतले, असे परंपरा सांगते. तिथे उभे राहिल्यावर 'कधीच जिंकला गेला नाही' हे वाक्य उच्चारण्याचे धाडस कोणाला झाले नसते.

तान्ह्या राजपुत्राची गोष्ट ऐकायला चुरचुरीत आहे: 'तुम्हाला वेल्समध्ये जन्मलेला आणि इंग्रजीचा एक शब्दही न येणारा राजपुत्र देतो' असे वचन देऊन पहिल्या एडवर्डने आपला नवजात मुलगाच वेल्श सरदारांपुढे धरला. मुलगा कॅनार्वनला २५ एप्रिल १२८४ रोजी जन्मला, इतके खरे. पण त्याचा थोरला भाऊ अल्फॉन्सो तेव्हा जिवंत होता आणि गादीचा वारस तो होता. तो वारला ऑगस्टमध्ये. धाकट्या मुलाला 'प्रिन्स ऑफ वेल्स' हे पद मिळाले ते १३०१ मध्ये, म्हणजे तो सोळा वर्षांचा असताना. ही गोष्ट छापून आली सोळाव्या शतकात, तीनशे वर्षांनी. शिवाय त्या काळी इंग्लंडच्या राजघराण्याची बोलीच फ्रेंच होती, त्यामुळे 'इंग्रजी न येणारा' ही अट त्या दरबारात कोणी घातली असती तर ऐकणाऱ्यांनाच तिचा अर्थ लागला नसता.

पाचशे भाटांच्या कत्तलीचा उगम तर मोठा नामी आहे. पाचशे हा आकडा प्रसिद्ध झाला तो हंगेरीत. १८५७ मध्ये ऑस्ट्रियाचा सम्राट फ्रान्झ योझेफ हंगेरीच्या दौऱ्यावर आला असता, काही वर्षांपूर्वीच ज्याने हंगेरीचा उठाव चिरडला त्याची स्तुतिगीते कवींनी लिहावीत अशी अपेक्षा होती. यानोश आरान्य या कवीने ती लिहिली नाहीत. त्याऐवजी त्याने वेल्सचे भाट आणि एडवर्ड राजा यांच्या आडून आपल्या मनातले सांगणारे एक कथाकाव्य रचले, आणि ते आजही हंगेरीची मुले शाळेत पाठ करतात. म्हणजे हा दाखला वेल्सचा नसून बुडापेस्टचा आहे. खुद्द वेल्समध्ये १२८२ नंतरही भाट होते आणि उत्तम होते. लुवेलिनचा विलाप गाणारे काव्य त्याच्या मृत्यूनंतरचेच आहे, आणि वेल्श भाषेतला सर्वश्रेष्ठ मानला जाणारा मध्ययुगीन कवी दाफिद आप ग्विलिम हा चौदाव्या शतकातला. कापून काढलेल्या परंपरेतून असा कवी दोन पिढ्यांत निपजत नाही.

संदेशात ज्याचे नाव असायला हवे होते आणि नाही, तो ओवाइन ग्लिनदूर. 'अजिंक्य' हा शब्द कोणाच्या जवळपास नेता येत असेल तर त्याच्या. १६ सप्टेंबर १४०० रोजी त्याने स्वतःला वेल्सचा राजपुत्र म्हणून घोषित केले, १४०२ मध्ये ब्रिन ग्लासच्या लढाईत इंग्रज सैन्याचा धुव्वा उडवून एडमंड मॉर्टिमर या इंग्रज सरदाराला पकडले, १४०४ मध्ये माखन्लेथ येथे संसद भरवली, आणि १४०६ मध्ये फ्रान्सच्या राजाला लिहिलेल्या पत्रात, पोपशी असलेल्या निष्ठेच्या प्रश्नाबरोबर, वेल्समध्ये दोन विद्यापीठे असावीत, एक उत्तरेला आणि एक दक्षिणेला, अशी मागणी नोंदवली. जळणारी घरे आणि वेढे यांच्यामध्ये बसून विद्यापीठांचा विचार करणारा हा माणूस मला आर्थरपेक्षा शंभर पटींनी मोठा वाटतो. अ‍ॅबरिस्टविथला विद्यापीठीय महाविद्यालय निघायला १८७२ साल उजाडले. ग्लिनदूरचा उठाव शेवटी मोडला, १४०९ मध्ये हार्लेक पडले, पण तो स्वतः कधीच हाती लागला नाही, त्याला कोणी फितुरीने धरूनही दिले नाही, आणि त्याची कबर कुठे आहे हे आजवर खात्रीने ठरलेले नाही. मात्र 'वेल्श विरुद्ध इंग्रज' अशी सरळ विभागणी त्याच्याही बाबतीत करता येत नाही. त्याचा कट्टर वैरी दाफिद गाम हा वेल्शच होता, आणि तो १४१५ मध्ये अ‍ॅजिनकोर्टला इंग्लंडच्या राजाच्या बाजूने लढताना पडला.

अ‍ॅजिनकोर्ट निघालेच आहे तर बोटांचा मुद्दा उरकून टाकतो. इंग्लंडच्या सैन्यात वेल्श तिरंदाज होते, पण काही शेच. बहुसंख्य तिरंदाज इंग्रज होते. फ्रेंच लोक पकडलेल्या तिरंदाजांची बोटे तोडतील असे हेन्री राजाने सैन्याला सांगितल्याची त्या काळची नोंद आहे, पण तिथे बोटे दोन नाहीत, तीन आहेत, आणि लढाईनंतर कोणी कोणाला बोटे दाखवल्याची नोंद तर कुठेच नाही. वेल्श धनुर्विद्येचा लौकिक मात्र खरा होता. बाराव्या शतकाच्या अखेरीस वेल्सचा जेराल्ड हा धर्मोपदेशक लेखक लिहितो की ग्वेंटच्या तिरंदाजांचे बाण ओकच्या जाडजूड दरवाजातून आरपार गेले होते. हाच जेराल्ड असेही लिहितो की वेल्श लोक पहिल्या हल्ल्यात भयंकर असतात, पण समोरचा टिकून राहिला की ढेपाळतात. वेल्सचे सामने उत्तरार्धापर्यंत पाहिलेल्या कोणालाही हे आठशे वर्षांपूर्वीचे समालोचन पटावे.

राजपुत्र मादोगने ११७० मध्ये अमेरिका गाठली, ही कथा सोळाव्या शतकात छापली गेली, जेव्हा एलिझाबेथ राणीच्या दरबारी मंडळींना स्पेनपेक्षा जुना हक्क सांगण्यासाठी असाच एखादा पूर्वज हवा होता. ती खोडून काढण्याचे कष्ट मला घ्यायचे नाहीत, कारण ते एका वेल्श माणसानेच घेतले आहेत. वॉनवॉरचा जॉन इव्हान्स हा तरुण 'वेल्श बोलणारे इंडियन' शोधायला १७९२ मध्ये अमेरिकेत गेला, तुरुंगवास आणि आजारपणे सोसून मिसूरी नदीने वर चढला, १७९६-९७ चा हिवाळा मँडन या तिथल्या मूळ रहिवाशांमध्ये राहिला, आणि वेल्श इंडियन नावाचे कोणी नाहीत असे त्याने कळवले. त्याने काढलेले नकाशे पुढे लुईस आणि क्लार्क यांच्या अमेरिकेचा पश्चिम भाग धुंडाळणाऱ्या मोहिमेला उपयोगी पडले. आर्म्स पार्कचे शस्त्रागार तर याहून सहज निकालात निघते: 'कार्डिफ आर्म्स' नावाचे एक उताराघर होते, त्याच्या मागच्या मोकळ्या जागेला हे नाव पडले.

आता रक्ताचा मुद्दा. रग्बी वेल्सच्या मातीत उगवलेला खेळ नाही. तो एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या शाळांमधून शिकून आलेल्या तरुणांनी आणि लँपीटरच्या महाविद्यालयातल्या मंडळींनी आणला. फेब्रुवारी १८८१ मध्ये वेल्सच्या नावाने पहिला संघ इंग्लंडविरुद्ध ब्लॅकहीथला उतरला, तेव्हा त्याने एकही गुण न मिळवता तेरा ट्राय (म्हणजे विरोधी संघाने गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवणे) खाल्ल्या. त्या पराभवाची लाज वाटूनच पुढच्या महिन्यात नीथ येथे रीतसर संघटना उभी राहिली. सहाव्या शतकातले लढवय्ये रक्त त्या दुपारी कुठे गेले होते, हे संदेशात सांगितलेले नाही.

हा खेळ लोकांचा झाला तो कोळशामुळे. ऱ्होंडाच्या दऱ्यांत १८५१ मध्ये हजारभर माणसेही नव्हती, आणि १९११ मध्ये तिथे दीड लाखांहून अधिक लोक राहत होते. ही माणसे ग्रामीण वेल्समधून आली, तशीच इंग्लंडच्या नैर्ऋत्य परगण्यांतून आणि आयर्लंडमधूनही आली. खाणीत एकत्र उतरली, एकाच रांगेतल्या घरांत राहिली, आणि शनिवारी एकाच संघातून खेळली. वेल्श रग्बी म्हणून जे ओळखले जाते ते या सरमिसळीतून तयार झाले. १६ डिसेंबर १९०५ चा सामना वेल्समध्ये अजून काल घडल्यासारखा सांगतात. तोवर दौऱ्यात अजिंक्य असलेल्या न्यूझीलंडला वेल्सने कार्डिफला ३-० असे हरवले. न्यूझीलंडच्या 'हाका'ला, म्हणजे सामन्याआधीच्या त्यांच्या युद्धनृत्याला, उत्तर म्हणून वेल्सच्या खेळाडूंनी 'माझ्या पूर्वजांची भूमी' हे गीत सुरू केले आणि सगळे मैदान गाऊ लागले. त्या संघाचा कर्णधार ग्विन निकल्स हा इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशरमध्ये जन्मलेला होता. जो दिवस 'वेल्श वीरत्वाचा' म्हणून सांगितला जातो त्या दिवशी वेल्सचा नायक इंग्लंडमध्ये जन्मलेला होता, आणि त्यामुळे त्या विजयाला आजवर कोणीही कमी लेखलेले नाही.

जाता जाता त्या गीताविषयी. ते १८५६ मध्ये पाँटिप्रिथच्या एका पितापुत्रांनी रचले. त्यात भाट आहेत, गायक आहेत, स्वातंत्र्यासाठी रक्त सांडणारे शूर योद्धे आहेत, डोंगर आणि नद्या आहेत, आणि शेवटी भाषा टिकावी अशी प्रार्थना आहे. राजा एकही नाही. योद्ध्यांबद्दल बोलणाऱ्याला मी अडवणार नाही, ती अर्धी बाजू वेल्श लोक स्वतःच गातात. पण ज्यांच्या राष्ट्रगीतात राजा नाही त्यांना राजवंशी ठरवण्याची हौस आपल्याकडच्या कोणाला का असावी?

राहिला विज्ञानाचा आव, कारण संदेशात 'शुद्ध केल्टिक डीएनए' हे शब्द ठळक अक्षरांत आहेत (केल्ट म्हणजे वेल्श, आयरिश वगैरेंचे पूर्वज मानले जाणारे प्राचीन लोक). ब्रिटनमधल्या लोकांच्या जनुकीय रचनेचा सर्वांत बारकाईने झालेला अभ्यास मार्च २०१५ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ज्यांचे चारही आजी-आजोबा एकमेकांपासून सुमारे ८० किलोमीटरच्या आत जन्मले होते अशी दोन हजारांहून अधिक ग्रामीण माणसे त्यासाठी निवडली होती, म्हणजे 'जुने रक्त' सापडायचे असेल तर ते यांच्यातच सापडावे. निष्कर्ष असा निघाला की 'केल्टिक' असा एक जनुकीय गट अस्तित्वातच नाही. कॉर्नवॉल, वेल्स, स्कॉटलंड, उत्तर आयर्लंड येथली माणसे एकमेकांपासून वेगळी निघाली, इतकेच काय, उत्तर वेल्स आणि दक्षिण वेल्स यांचेही गट निराळे पडले. एका वेल्सचेच एक रक्त नाही, तर त्या रक्तात रग्बी कुठून येणार?

आणि मैदानावर पाहायचे असेल तर कॉलिन चार्व्हिस पाहावा, इंग्लंडमध्ये जन्मलेला कृष्णवर्णीय खेळाडू, वेल्सचा कर्णधार. टाउलुपे फालेटाऊ पाहावा. तो टोंगात जन्मला, वडील रग्बी खेळायला एबू व्हेलच्या क्लबात आले म्हणून लहानपणी वेल्सला आला, आणि वेल्ससाठी शंभरहून अधिक कसोटी सामने खेळला. त्याला लाल जर्सीत पाहून ड्रॅगनची कोणती शाखा, असे कार्डिफच्या मैदानात कोणी विचारल्याचे मी ऐकलेले नाही. उलट बाजूही पाहावी: ऑक्टोबर २०२३ ते जुलै २०२५ या काळात वेल्सचा संघ सलग अठरा कसोटी सामने हरला, त्यात मार्च २०२५ मध्ये कार्डिफला इंग्लंडकडून ६८-१४ असा मार खाल्ला, आणि ही मालिका तुटली ती जपानमध्ये कोबे येथे. रक्त बदलले नव्हते. प्रादेशिक संघांची आर्थिक दुरवस्था, अनुभवी खेळाडूंची एकगठ्ठा निवृत्ती आणि संघटनेतले वाद यांची चर्चा वेल्सची वर्तमानपत्रे रोज करत होती. १९७७ मध्ये इंग्लंडविरुद्धच्या सामन्याआधी कर्णधार फिल बेनेटने ड्रेसिंग रूममध्ये केलेले भाषण तिथे अजून सांगितले जाते, आणि त्यातही आर्थर नाही. त्यात इंग्रजांनी नेलेला कोळसा, नेलेले पाणी आणि नेलेले पोलाद आहे.

हे सगळे मी अक्काला फोनवर सांगितले तेव्हा ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "म्हणजे त्यांच्यात राजा कोणी नव्हताच का रे?" तर होता एक. केव्हनाइथिन या कोळशाच्या गावचा बॅरी जॉन. १९७१ मध्ये ब्रिटन आणि आयर्लंडच्या निवडक खेळाडूंच्या ब्रिटिश लायन्स संघाने न्यूझीलंडमध्ये मालिका जिंकली, ती आजवरची तिथली त्यांची एकमेव मालिका. त्या दौऱ्यात त्याचा खेळ पाहून लोक त्याला 'द किंग' म्हणू लागले. परत आल्यावर त्याला रस्त्याने चालणे मुश्कील झाले. एका बँकेच्या समारंभाला गेला असता समोर आलेल्या एका मुलीने राजघराण्यातल्या माणसापुढे वाकतात तसे गुडघ्यात वाकून त्याला अभिवादन केले. हे आता फार झाले, आपण माणसांपासून तुटत चाललो, असे त्या क्षणी वाटले, हे त्याने स्वतःच सांगितले आहे. १९७२ मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, त्याने खेळ सोडला.

अक्काने तो संदेश अजून गटावरून काढलेला नाही. रविवारच्या फोटोखाली मात्र तिने नातवाला विचारले आहे की कानाला लागू नये म्हणून डोक्याला ती मऊ टोपी घालतोस ना.